साखरखेर्ड्याचे बिननावाचे शिपाई

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावाजवळ ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांच्यात लढाई झाली, तिच्यातून हैदराबादचे आसफजाही राज्य उभे राहिले आणि ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकले, एवढे दख्खनच्या इतिहासाचा कोणताही वाचक सांगू शकतो. परंतु त्या दिवशी पडलेल्या साध्या शिपायांची आठवण गावाने किंवा जिल्ह्याने ठेवावी काय, असा प्रश्न चारचौघांत काढला असता प्रस्तुत लेखकाला जे उत्तर मिळाले, ते अजूनही त्याच्या मनातून गेलेले नाही.

लढाईची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. दिल्लीच्या वजिरीला कंटाळून निजाम १७२३ च्या अखेरीस दरबार सोडून निघाला आणि दख्खनकडे वळला, तेव्हा बादशहा मुहम्मदशाह याने दख्खनची सुभेदारी मुबारिझ खानाकडे देऊन त्याला निजामाविरुद्ध उभे केले. निजामाने मे १७२४ मध्ये माळव्यातील नालछा येथे बाजीराव पेशव्याची भेट घेतली आणि पुढे मराठ्यांची फौज त्याच्या बाजूने राहिली. साखरखेर्ड्याला मुबारिझ खान आपल्या दोन मुलांसह मारला गेला, त्याचे शिर निजामाने दिल्लीला धाडले, गावाचे नाव फतेहखेर्डा असे बदलण्यात आले आणि बाजीरावाला सात हजारी मनसब, म्हणजे मोगल सेवेतील फार वरचा दर्जा, मिळाला. अवघ्या चार वर्षांत, फेब्रुवारी १७२८ मध्ये, याच बाजीरावाने याच निजामाला पालखेडला कोंडीत धरले, हे सर्वांना ठाऊक आहे.

या लढाईला तीनशे वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास जिल्ह्यातील एका छोट्या बैठकीत प्रस्तुत लेखकाने अशी सूचना मांडली की साखरखेर्ड्याच्या शिवारात एक साधा दगड बसवावा आणि त्यावर लढाईची तारीख व येथे मराठी शिपाई पडले एवढाच मजकूर असावा. बैठकीतील मंडळी शिकलेली, इतिहासाची आवड असलेली आणि मनाने उदार होती. पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झालेल्या हल्ल्यात मलकापूरचा आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचा असे याच जिल्ह्याचे दोन जवान गेले, तेव्हा अख्खा जिल्हा जसा रस्त्यावर उतरला होता, त्यात यांतील बहुतेक जण होते. तरीही दगडाची सूचना ऐकताच पहिला प्रश्न आला तो असा : "सर, निजामासाठी मेलेल्यांचा दगड आपल्या जिल्ह्यात कशाला?" त्यावर थोडे हसणे झाले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. विरोध झाला असता तर वाद घालता आला असता. येथे वादालाही जागा उरली नाही.

या प्रश्नात जो अन्याय आहे, तो नीट पाहिला पाहिजे. त्या काळी फौजेत जाणारा मराठी माणूस बहुधा बारगीर किंवा शिलेदार म्हणून जात असे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो स्वार, आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. शिलेदाराचे सारे भांडवल त्या घोड्यात अडकलेले असे. घोडा मेला की माणूस जिवंत राहूनही चाकरीतून उठे. सुगी आटोपून दसऱ्याला मोहिमेवर निघणाऱ्या या माणसाला नालबंदी, म्हणजे मोहिमेपूर्वी घोड्यामागे मिळणारी उचल, हाती पडली की तो सरदाराच्या झेंड्यामागे चालू लागे. त्या वर्षी सरदार कोणाच्या बाजूला आहे, हे ठरवण्यात त्याचा वाटा शून्य होता. नालछाच्या भेटीत काय बोलणे झाले, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मनसब ज्याला मिळायची त्याला मिळाली, मोलाची मैत्री चार वर्षांत मोडली, आणि ज्याने त्या मैत्रीपायी जीव दिला त्याला आज तीनशे वर्षांनी निजामाचा माणूस ठरवून बाजूला सारले जाते. बाजीरावाला मात्र त्या मनसबीबद्दल कोणी निजामाचा माणूस म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण मग शिपायालाच हा हिशेब का लावायचा?

नावे मिळत नाहीत म्हणून स्मारक करता येत नाही, असेही एक उत्तर पुढे खासगीत मिळाले. हे उत्तर अर्धेच खरे आहे. मोगल फौजेत दाग आणि चेहरा अशी पद्धत होती : घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचे वर्णन कागदावर उतरवायचे, जेणेकरून हजेरीच्या दिवशी दुसराच माणूस किंवा भाड्याचे तट्टू उभे करून पगार लाटता येऊ नये. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या अशा कागदांचा मोठा साठा हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यांत माणसाचे नाव, बापाचे नाव आणि मग ठरावीक फारसी शब्दांत चेहरा येतो : फराख पेशानी म्हणजे रुंद कपाळ, कुशादा अब्रू म्हणजे एकमेकींपासून सुटलेल्या भुवया, मेश चश्म म्हणजे मेंढीसारखे डोळे, आणि त्यापुढे कोठे तीळ आहे, कोठे जुन्या जखमेचा वण आहे, हेही. लेखनिकाला त्या माणसाबद्दल माया नव्हती, त्याला फक्त फसवणूक टाळायची होती; तरी त्याच्या संशयी लेखणीने शिपायाला जेवढे जवळून पाहिले, तेवढे पुढे विजयाच्या तवारिखा लिहिणाऱ्यांनी पाहिले नाही. त्या ग्रंथांत हत्तीवर बसलेला प्रत्येक अमीर नावानिशी येतो आणि बाकीची फौज आकड्यात मोजली जाते.

स्मरणाची जी ठिकाणे महाराष्ट्राला परिचित आहेत, त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पानिपतची लढाई मराठ्यांनी गमावली, तरी १४ जानेवारीला काला आंब येथे मराठी माणसे जमतात, कारण तो पराभव आपला मानला गेला आहे. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील साध्या शिपायांची नावे कोरली गेली आणि त्या नावांमुळेच तो स्तंभ पुढच्या पिढ्यांना आपला वाटला. साखरखेर्ड्यापासून दूर नसलेल्या सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिनी लाखोंची गर्दी लोटते आणि ती योग्यच आहे. तेथेच लखुजी जाधवांची भव्य समाधी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या दरबारात १६२९ मध्ये दगा होऊन मारल्या गेलेल्या त्या सरदाराने हयातीत निजामशाही आणि मोगल अशा दोन्ही चाकऱ्या केल्या होत्या, तरी त्यांच्या समाधीला हात जोडताना कोणी बाजू विचारत नाही. इतकेच काय, १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडजवळ पेशव्यांची फौज निजामाशी लढली तेव्हा सिंदखेडचे जाधव निजामाकडून लढत होते. या भागातील घराण्यांचा इतिहास असा दोन्ही काठांनी वाहिला आहे; बाजूची शुद्धता तपासायला बसले तर जिल्ह्यात पूजेला एकही दगड उरायचा नाही.

११ ऑक्टोबर २०२४ हा दिवस दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. प्रस्तुत लेखक त्या दिवशी साखरखेर्ड्याच्या शिवारात गेला असता सोयाबीनची सोंगणी चालू होती, सुड्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या आणि पाऊस येण्याआधी मळणीयंत्र मिळावे या धांदलीत प्रत्येक जण होता. गाव प्रल्हाद महाराजांच्या समाधीमुळे आणि पळसिद्धाच्या मठामुळे ओळखले जाते. फतेहखेर्डा हे नाव बोलण्यात कोणी घेत नाही. सोबत सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. बैठकीतील प्रश्न त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "सर, लढाई कोनाची हाये, हे आम्हाले तरी कोनी इचारलं होतं का?" आणि थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट काढली, की मग तुमच्या दगडावर फक्त मराठी शिपाईच कशाला, समोरचेही पोटासाठीच आले असतील.

हे म्हणणे खोडून काढता येत नाही. जो आक्षेप बैठकीत इतका झोंबला, त्याचीच दुसरी बाजू लेखकाच्या स्वतःच्या सूचनेत होती, कारण तिनेही शिपायांची आपले आणि परके अशी वाटणी केलीच होती. दगड व्हायचा तर तो दोन्ही फौजांचा व्हावा, असे आता सरळ मानले पाहिजे. आणि तरीही एखाद्या जुन्या कागदात एकच नाव सापडणार असेल तर ते घाटावरच्या किंवा वऱ्हाडातल्या एखाद्या मराठी शिलेदाराचे असावे, ही इच्छा काही केल्या जात नाही. तिचे समर्थन करता येणार नाही, पण ती आहे.

दगडासाठी निधी, ठराव, परवानगी यांच्या मागे लागण्यापूर्वी एक काम घरोघरी होऊ शकते. लढाईत पडलेल्या माणसाच्या पोरांच्या पोटासाठी जमीन किंवा नेमणूक देण्याची रीत मराठी राज्यात होती आणि तिला बालपरवेशी म्हणत. अशा देणगीच्या कागदात कोण, कोठे, कोणत्या लढाईत कामास आला, हे लिहिलेले असते. बुलढाणा, जालना, वाशिम आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत ज्या देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी घराण्यांकडे मोडी कागदांचे रुमाल अजून माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत आणि त्यांत शके १६४६ किंवा त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतील बालपरवेशीचा कागद आहे का, एवढे पाहून घ्यावे.