साच्याची चकाकी

प्लास्टिकच्या भागाचा गुळगुळीतपणा साच्याच्या पोलादातून येतो. वितळलेले प्लास्टिक दाबाखाली पोकळीत शिरते आणि तिच्यावरचा बारीकसा ओरखडाही उचलते.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होते. तिथे हातोडीच्या खुणा हेच भांड्याचे सौंदर्य. साच्यात मात्र एकही खूण चालत नाही. तांबे तरीही इथे आहेच: भोसरीच्या साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये स्पार्क इरोजन यंत्रावर तांब्याचा इलेक्ट्रोड पोलादात खोल, अवघड कोपरे कोरतो. ठिणग्यांनी मागे कडक, खडबडीत थर उरतो. तो आधी पॉलिशच्या दगडाने पूर्ण काढायचा, मग एमरी पेपर, शेवटी हिऱ्याची पेस्ट. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले असतील तर दिसतात. आणि साचा धुऊन पुसायचा, कारण आधीच्या टप्प्याचा जाड कण राहिला तर सगळी मेहनत वाया. घाईने दाब वाढवला, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. हे काम अजूनही बहुतांशी हाताचेच, आणि त्याचे मोल कमीच ओळखले जाते.

पण नुसते पॉलिश पुरत नाही: साच्याच्या उभ्या भिंतींना साधारण १ अंशाचा उतारही हवा. तो नसेल, तर उत्तम पॉलिश केलेल्या साच्यातूनही भाग ओरखडे घेऊनच बाहेर पडतो.