थंडी, गोधडी आणि ‘पानिपत’

डिसेंबर संपत आला, की आपल्या होस्टेलचा नूरच बदलतो. जेवून परतणारी पावलं पटापट खोलीकडे वळतात, खिडकीच्या फटीत जुने पेपर कोंबले जातात आणि नऊच्या ठोक्याला अर्धी विंग गोधडीत! अशा रात्रींवर माझ्याकडे एकच औषध : ऐतिहासिक कादंबरी. तीही चांगली जाडजूड.

यंदा हाती आलं विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ (१९८८). शेवट काय, ते शाळेतच पाठ झालेलं. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले. तरीही वाचताना वेडं मन म्हणत राहतं, ‘आता तरी रसद येईल!’ गंमत इथेच आहे. पाठ्यपुस्तकात लढाई एका परिच्छेदात संपते. कादंबरीत मात्र आपल्याला त्या छावणीत मुक्काम करावा लागतो. अब्दाली यमुना ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसलेला. दक्षिणेची वाट बंद. धान्य संपतंय, वैरण संपतेय, सोबत बायकापोरं नि यात्रेकरू. वर उत्तरेतली थंडी! तिच्यापुढे आपली थंडी म्हणजे किस झाड की पत्ती.

रूममेट म्हणतो, ‘‘अरे, कादंबरी म्हणजे काय इतिहास? भाऊच्या मनातलं लेखकाला कुठून कळलं?’’ मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच नंतर मी लायब्ररीतून शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ काढलं. पण ते काढावंसं वाटलं, ते कादंबरीमुळेच ना?

‘भाऊ हट्टी होता, म्हणून हरला,’ असा एका ओळीतला निकाल आता माझ्याने लावला जात नाही. परवा रिझल्ट लागला. विंगमधला एक मित्र वायडी झाला. ‘अभ्यास केला नाही, दुसरं काय!’ कॉरिडॉरमध्ये निकाल लागलासुद्धा. मी दोन कप चहा घेऊन त्याच्या खोलीत गेलो. वडील चार महिने अंथरुणाला खिळलेले; दर शनिवारी हा गावी, सोमवारी पहाटे परत. कुणाला बोलला नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. रसद कधीच तुटली होती, आपल्याला दिसली ती फक्त संक्रांत.

आता ‘स्वामी’ घेतलंय. पानिपतच्याच वर्षी, सोळाव्या वर्षी पेशवा झालेल्या माधवरावांची कथा. पडझडीनंतर घर कसं सावरायचं, त्याची. माझं वाचून झालं की त्या मित्राचा नंबर आहे. त्याच्यानंतर कुणाला हवंय, त्यांनी आत्ताच सांगून ठेवा. थंडी अजून महिनाभर आहे!