सुरतेत राहायचं, तर लाइन पक्की हवी

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक प्रश्न येतोच: "नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय, नेट कोणतं घेऊ?" पाच मिनिटांत पंधरा उत्तरं येतात. कुणी जिओ म्हणतं, कुणी एअरटेल, एखादे काका बीएसएनएलची बाजू घेतात, आणि कुणीतरी "आमचा केबलवालाच बेस्ट" म्हणून मोकळं होतं. गंमत म्हणजे सगळेच खरं बोलत असतात, पण आपापल्या बिल्डिंगपुरतं. मग कुणीतरी मला टॅग करतं, कारण मी सॉफ्टवेअरवाला. तिथे दोन ओळींत जे सांगता येत नाही, ते आज जरा सविस्तर लिहितो.

आधी हा विषय मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते सांगतो. सुरत हे कापडाचं आणि हिऱ्यांचं शहर. माझे बाबा नंदुरबारकडून इथे आले, ते पॉवरलूमच्या कामासाठीच. उधन्यातल्या कारखान्यांत जॉबर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. आपल्यापैकी कितीतरी खानदेशी घरांची हीच गोष्ट आहे. पण बीई झालेल्या मुलासाठी इथे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या पुण्या-बंगळूरच्या मानाने फारच कमी. त्यामुळे आमच्या पिढीचा रस्ता ठरलेला: डिग्री हातात पडली की पुणे. मीही हिंजवडीत सात वर्षं काढली. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. तेव्हापासून इथेच आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरात होतो, मुलगी आजीच्या हातचं खाऊन मोठी होतेय.

मग २०२२ मध्ये कंपनीने लोकांना परत बोलवायला सुरुवात केली. ज्यांना बाहेरगावाहूनच काम करायचं होतं त्यांना एक अट होती: कामाच्या वेळेत नेट जाता कामा नये, आणि एक लाइन गेलीच तर दुसरी तयार पाहिजे. म्हणजे आई-बाबांजवळ राहायचं की पुण्याला परत जायचं, हे सगळं केसाएवढ्या काचेच्या धाग्यावर येऊन ठेपलं. म्हणून मी या विषयाचा अभ्यास केला.

सुरुवात प्लॅनपासून करू, कारण सगळे तिथूनच करतात. गेली काही वर्षं मोठ्या कंपन्यांचे दर साधारण असे आहेत: जिओचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ ला, १०० चा ६९९ ला, एअरटेलचा ४० चा ४९९ ला, १०० चा ७९९ ला. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणून ६९९ चा प्लॅन प्रत्यक्षात ८२५ ला पडतो. बीएसएनएलचेही याच पट्ट्यातले प्लॅन आहेत. शिवाय केबल टीव्हीतून वाढलेली, आपल्या गुजरातचीच जीटीपीएल आहे, आणि सुरतेत बऱ्याच वर्षांपासून असलेलं यू ब्रॉडबँडही आहे. घेण्याआधी ताजे दर बघाच, पण शंभर-दोनशेच्या फरकावर निर्णय घेऊ नका. ओटीटीच्या गाठोड्यावर तर अजिबात नको.

स्पीड किती लागतो, त्याचाही हिशेब करून बघा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ पुरतात. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार लागतात. आमच्या घरात माझी मीटिंग, बायकोचा ॲबॅकसचा ऑनलाइन क्लास, हॉलमध्ये बाबांची मालिका आणि आतल्या खोलीत आईचा शिरपूरच्या मामाशी व्हिडिओ कॉल, हे सगळं एकाच वेळी चाललं तरी ४० च्या वर जात नाही. १०० चा प्लॅन भरपूर झाला. मात्र अपलोड किती मिळणार ते आवर्जून विचारा. मीटिंगमध्ये समोरच्याला आपला चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडवरून. चांगल्या फायबर प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड सारखंच असतं. आणखी एक, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे सेकंदाला साडेबारा एमबी उतरते. "शंभरचं घेतलं आणि बाराच मिळतं" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

आता खरा मुद्दा. नावाची कंपनी कोणतीही असो, तुमच्या घरापर्यंत येणारी शेवटची वायर कुठून येते आणि ती कोण सांभाळतं, यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ भागांत मोठ्या कंपन्यांचंही शेवटचं जोडकाम स्थानिक केबल ऑपरेटरच करतो. म्हणून एकच ब्रँड पालमध्ये झकास चालतो आणि लिंबायतमध्ये डोकं फिरवतो. पालच्या नव्या सोसायट्यांत डक्टमधून वायर येते. आमच्याकडे उधना-डिंडोलीच्या जुन्या गल्ल्यांत ती या अगाशीवरून त्या अगाशीवर, विजेच्या खांबाला वळसा घालून येते.

आणि सुरतेत अगाशीवरची वायर म्हटलं की उत्तरायण आलंच. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं शहर छतावर असतं. कापलेल्या पतंगाचा मांजा वायरीत अडकतो, पोरं तो जीव खाऊन ओढतात. काचेच्या धाग्याला ताण तसा थोडाफार सोसतो, पण तीव्र वळण सोसत नाही. वायर कुठे काटकोनात दुमडली की प्रकाश तिथूनच बाहेर गळतो. एका वर्षी वासी उत्तरायणच्या दुपारी आमची लाइन गेली ती थेट तिसऱ्या दिवशी आली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कंपनीची लाइन होती, तीही बंद. कारण दोन्हींच्या वायरी एकाच खांबावरून, एकाच जुडग्यात बांधलेल्या. तेव्हा ठरवलं की दुसरं कनेक्शन घ्यायचं ते वाट बघून. आता एक लाइन वरून येते आणि दुसरी रस्त्याखालून. खालच्या लाइनीचेही शत्रू आहेतच. २०२१ पासून मेट्रोचं काम चालू आहे, त्यात गटार आणि पाण्याची खोदकामं. पण पतंग आणि जेसीबी एकाच दिवशी आडवे येण्याची शक्यता कमी. दुसरी वायर मिळतच नसेल, तर फाइव्ह-जीवर चालणारं एअरफायबर हाही पर्याय आहे. स्पीड कमी-जास्त होतो, पण रस्त्यावरच्या वायरीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही लाइनी एकाच डब्यात घेऊन, एक गेली की आपोआप दुसरीवर नेणारे राउटरही मिळतात. टीपी-लिंकचा ईआर६०५ त्यातलाच. बदलताना चालू मीटिंग काही सेकंद अडखळते, एवढंच.

नेट गेलं की आपण पहिल्यांदा कंपनीला शिव्या घालतो. बाबांची सवय वेगळी. ते म्हणाले, "मागावर धागा तुटला की आधी बघायचं, ताण्याचा तुटला का बाण्याचा. मालकाला नंतर बोलायचं." नेटचंही तसंच बघायचं. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, सरळ तक्रार नोंदवा. एलओएस विझलेला आहे, पॉनचा दिवा स्थिर आहे आणि तरीही नेट नाही, तर गडबड कंपनीच्या आतल्या यंत्रणेत, बिल भरण्यात किंवा सेटिंगमध्ये आहे. आणि लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडला की पूर्ण स्पीड मिळतो, पण वायफायवर मिळत नाही, तर दोष आपल्याच घरातला आहे. कंपनी बदलून तो जाणार नाही.

माणूस दुरुस्तीला आला की "साहेब, लाइन तो ओके छे" म्हणून निघायला बघतो. त्याच्याकडे प्रकाश मोजायचं मीटर असतं, त्यावरचा आकडा दाखवायला सांगा. तो उणे असतो. उणे १८-२० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की लाइन तुटत-जुळत राहते, विशेषतः पावसाळ्यात जोडात पाणी गेलं तर. तक्रार केली की तक्रार क्रमांक नक्की घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने समाधान केलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्याला फी नाही. रात्री नऊच्या सुमाराला रोज स्पीड पडत असेल, तर तीही तक्रारच आहे. घरोघरच्या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत एकच धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्यावरचा साधारण अडीच गिगाबिटचा वेग सगळ्यांत मिळून असतो. गर्दीच्या वेळी थोडा फरक समजू शकतो. रोज निम्मा होत असेल, तर पुढे काहीतरी कोंडलेलं आहे.

उरला राउटर. कंपनीचा माणूस तो बसवतो कुठे? जिथून वायर आत येते तिथे, म्हणजे बहुधा दाराजवळ किंवा टीव्हीमागे. मग मधे लोखंडी कपाट, त्यावर आरसा, पुढे स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, आणि पलीकडच्या खोलीत मुलांचा अभ्यास. धातू आणि आरसा वायफाय अडवतात, आरसीसीचे खांबही. म्हणून पंचवीस-तीस रुपये मीटरची वायर जास्त लागली तरी चालेल, पण राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर लावून घ्या. आमच्याकडे पैसे खर्च करून मिळालेल्या फायद्यापेक्षा या एका बदलाचा फायदा मोठा होता.

राउटरवर दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीही बऱ्यापैकी पार करतो, पण त्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठेही उभं राहिलं तरी पंचवीसेक घरांचं वायफाय दिसतं, त्या सगळ्यांची याच तीन वाटांवर गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, जागाही पुष्कळ, पण दोन भिंतींपलीकडे दमतो. काम करायच्या खोलीत ५ वापरा, लांबच्या कॅमेऱ्याला आणि स्मार्ट प्लगला २.४ ठेवा.

नवीन राउटर घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. उदाहरणार्थ, आर्चर सी६ वर एसी१२०० लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे एका बँडचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची बेरीज. तुमच्या एका मोबाइलला ते एकत्र कधीच मिळत नाहीत. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा: दोन्ही बँड आहेत ना, लॅनचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, आणि खूप उपकरणं असतील तर वायफाय ६ आहे का. पोर्ट जुन्या पद्धतीचे, शंभरवाले असतील तर २०० चा प्लॅन घेऊनही केबलवर ९५ च्या पुढे आकडा जात नाही. मोठ्या घरात स्वस्त रिपीटर लावण्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल टाकून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणं केव्हाही चांगलं.

लाइट गेली तर? फायबरचा एक गुण कमी लोकांना माहीत असतो. घरापासून एक्स्चेंजपर्यंत मधे वाटणाऱ्या खोक्यांना वीज लागतच नाही. त्यामुळे गल्लीत अंधार झाला तरी आपला डबा आणि राउटर चालू असेल, तर नेट बहुधा चालूच राहतं. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. घेताना ॲडॉप्टरवर किती ॲम्पियर लिहिलंय ते मात्र जुळवून बघा.

तर ग्रुपवर प्रश्न टाकण्याआधी आपल्याच जिन्यात तीन दारं वाजवा आणि तीनच गोष्टी विचारा: मागच्या पावसाळ्यात आणि उत्तरायणात तुमची लाइन किती दिवस बंद होती? तक्रार केल्यावर माणूस किती तासांत आला? वायर वरून येते की खालून? या तीन उत्तरांसमोर कुठलीही जाहिरात टिकत नाही.

माझ्या दोन्ही लाइनींचे मिळून महिन्याला दीड हजारही होत नाहीत. हिंजवडीत एवढ्यात एक कॉटही मिळणार नाही. इथे एवढ्यात आई-बाबांचं घर मिळतं, संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटला की लेकीला घेऊन खाली उतरता येतं, आणि नोकरीही टिकते. आपल्यापैकी ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत आणि परत यायचं म्हणतायत, त्यांच्या आई-वडिलांनी तरी जिन्यातली ती तीन दारं आजच वाजवून ठेवावीत.