भिंतीवरच्या तीन रेषा

सांगलीच्या गावभागातील तो वाडा वडिलांच्या निधनानंतर बंदच होता. सागवानी तुळया शाबूत होत्या. पण सोप्याचे छप्पर खचले होते आणि माजघराच्या भिंतीवर कृष्णेच्या पुराच्या तीन रेषा स्पष्ट दिसत होत्या. २००५, २०१९ आणि २०२१. सर्वांत वरची २०१९ ची.

असे घर राहण्यासाठी सहसा कोणी घेत नाही. घेतो तो दुरुस्त करून विकणारा वा भाड्याने देणारा गुंतवणूकदार. धाकट्या भावाने सुचवले, ‘‘दादा, भिंतींना रंग देऊन घेऊ. रेषा दिसल्या तर योग्य किंमत कोण देईल?’’ त्याच्या मुलीच्या महाविद्यालयाची फी भरायची होती. त्याची घाई खोटी नव्हती.

दादा म्हणाले, ‘‘अरे, घेणारा हिशेबी माणूस असतो. दुरुस्तीनंतर येणाऱ्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च, मुद्रांक शुल्क, पैसा अडकून राहील तितक्या महिन्यांचे व्याज आणि स्वतःचा नफा वजा करून तो आपला भाव ठरवतो. त्याला अंदाज देता येईल ते सारे आपण द्यावे. पण रंगाखाली रेषा झाकणे हा व्यवहार नव्हे. ठाऊक असलेला आणि सहज न दिसणारा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते. कायदा नसता, तरी आपण सांगितलेच असते.’’

मग मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे लागली. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घेतला. अभियंत्याकडून दुरुस्तीचे अंदाजपत्रक करून घेतले. छायाचित्रांत तुळयांबरोबर भेगा आणि रेषाही होत्या. जाहिरातीचे पहिलेच वाक्य होते, ‘या घरात तीनदा पुराचे पाणी आले आहे.’

दोघांनी छायाचित्रे पाहूनच नकार दिला. तिसरे गृहस्थ गवंड्याला घेऊन आले. रेषांपर्यंतची उंची टेपने मोजली आणि राहती जागा वरच्या मजल्यावर करण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांनी सांगितलेला भाव धाकट्याच्या अपेक्षेहून कमी होता. मात्र खरेदीखत होईपर्यंत त्यांनी त्यातला एक रुपयाही कमी केला नाही. फीसाठी कमी पडलेली रक्कम दादांनी आपल्या वाट्यातून दिली. त्याची वाच्यता त्यांनी कुठे केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी चढू लागल्याची बातमी आली. धाकट्याने आपण होऊन त्या गृहस्थांना फोन केला, ‘‘खालचे सामान वर घ्या.’’ पलीकडून उत्तर आले, ‘‘कालच घेतले. रेषा तुम्हीच दाखवल्या होत्या ना!’’