कोपीचा कडबा विकत आणला

काल, १९ डिसेंबरला, येळवस झाली. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, ही मार्गशीर्षातली अमावस्या. कागदोपत्री 'वेळा अमावस्या', आमच्या तोंडी येळवस. लातूर-धाराशिवला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, त्या दिवशी लातूरची बाजारपेठ ओस पडते. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीला कन्नड माणसंही हाच सण करतात. आमचं शेत गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या पुढं अहमदपूरच्या अंगाला. तिकडच्या सोयऱ्याधायऱ्यांमुळं आमच्या घरात येळवस दिवाळीपेक्षा मोठी.

या सणाला देऊळ लागत नाही. शेतात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, सगळ्याचा निवद. मग आंबील शिंपत उभ्या पिकाला फेरा. पीक घरात आल्यावरचा हा सण नव्हे. ज्वारी पोटऱ्यात असते, हरभरा घाट्यात येत असतो, पुढं गारपीट आहे का काय ते कुणालाच माहीत नसतं. तरी आधीच लोकांना बोलावून जेवू घालायचं.

तर यंदा परवा रात्री आईनं विचारलं, "कोपीला कडबा?"

मी गप्प. आमच्या सहा एकरात चार वर्षं झाली ज्वारीचं ताट नाही. खरीपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. बैलं विकली तेव्हाच कडब्याची गरज संपली. शेवटी तीन गावं पलीकडून पेंढीला पंचवीस रुपये देऊन पाच पेंढ्या मोटारसायकलला बांधून आणल्या. आई काही बोलली नाही. पेंढी हातात घेऊन पाल्याचा वास घेतला आणि म्हणाली, "मालदांडी हाय." बस.

पांडवांपुढं ठेवलेली भाकरीही इकतच्या पिठाची.

आता मी ज्वारी का सोडली, ते सरळ हिशेबात सांगतो. यंदा हरभऱ्याचा हमीभाव ५८७५, मालदांडीचा ३७४९. हरभरा मशीन दोन तासात काढून देतं. रब्बी ज्वारी हातानं उपटायची, बांधायची, कणसं मोडायची, मग मळायची. ते करणाऱ्या बायांना मजुरी द्यायची आणि आधी त्या मिळायला पाहिजेत. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन कुजल्यावर तर असा प्रयोग करायची हिंमतच नव्हती. २०२३ साली जगानं तृणधान्य वर्ष साजरं केलं, आमच्याकडं बॅनर लागले, हुरड्याच्या पार्ट्या झाल्या. आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ 'परभणी मोती'सारखं चांगलं वाण देऊन बसलंय. बियाण्याची अडचण नाही हो.

खरी अडचण काल जेवताना कळाली. शेजारचे तात्या आंबिलीचा दुसरा तांब्या रिकामा करून म्हणाले, "मी दोन वर्षांमागं पेरली होती की एकरभर. पाखरांनी निम्मी खाल्ली."

का, तर सगळ्या शिवारात ज्वारी त्यांची एकट्याची. पूर्वी पाचशे एकरात ज्वारी असायची, पाखरं खाऊन खाऊन किती खाणार? वाटून जायचं. आता सगळं गाव हरभरा आणि मधी एक तुकडा ज्वारी, म्हणजे त्या तुकड्यावर पंचक्रोशीतल्या पाखरांची पंगत. गोफण घेऊन माळ्यावर बसायला पोरं नाहीत, पोरं पुण्याला. तात्यांचं चुकलं काय? एकट्यानं पेरली, एवढंच.

अनुदान द्या, खरेदी केंद्र वेळेवर उघडा, हे सगळं मी मागच्या पोस्टींमधे लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. पण पाखरांवर अनुदान चालत नाही. एका वस्तीतल्या दहा-पंधरा घरांनी एकाच आठवड्यात पेरलं तरच ज्वारी टिकते.

आणि एकत्र म्हटलं की आपलं तोंड लगेच गोड होतं, म्हणून हेही लिहितो. येळवस सगळ्यांची, कुणाच्याही कोपीत जा, म्हणतो खरं. पण लहानपणी आमच्या शेतात राबणारी काही माणसं कोपीबाहेर, बांधाच्या पलीकडं वेगळी जेवायला बसलेली मी पाहिलीत. आजोबांच्या काळातलं म्हणून सोडून देता येत नाही, मीच त्यांना वाढलंय. त्यातल्याच एक मावशी काल आईशेजारी बसून जेवल्या. ज्वारी उपटण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नाही. त्यांनी ऐकून घेतलं सगळं आणि म्हणाल्या, "पेरताल तुम्ही, कंबर माझी जाईल. मजुरी आत्ताच ठरवा."

सगळे हसले. मग खरंच ठरवायला बसलो. मजुरीचं अर्ध्यात राहिलं, पण पुढच्या रब्बीला माझा एक एकर, तात्यांचा एक, ओढ्याकडच्या दोघा भावांचा मिळून दीड. साडेतीन. तात्या म्हणाले, "एवढ्यानं भागत नाही, धा तरी पाहिजेत."

संध्याकाळी निघताना मी कोप मोडून कडबा शेजारच्या म्हशीला टाकणार होतो. आईनं चार पेंढ्या दिल्या. पाचवीत एक बारकं कणीस चुकून राहिलं होतं, ते तिनं मोडून पदराला बांधलं.

आमच्या शिवारातलं कुणी हे वाचत असेल तर फोन करा. साडेसहा एकर कमी आहेत.