मावशी जगो

माय मरो, पण मावशी जगो. माझ्याकडं बघून ही म्हण म्हटली की मला बरं वाटायचं. आता तिचा पहिला अर्धा भागच कानात राहतो. मावशीचं कौतुक करायला आधी आईला का मारावं लागतं?

म्हण रुळली त्या काळात यात वावगं काही वाटलं नसेल. बाळंतपणात बाई जायची, पोर मागं राहायचं. मग पुष्कळ घरांत तिची धाकटी बहीणच तिच्या जागी द्यायचे. परक्या सावत्र आईपेक्षा मावशी बरी. पोराची सोय व्हायची. त्या धाकटीला कुणी विचारत असेल का? बहिणीचं सुतक फिटतं न फिटतं तोच तिच्याच नवऱ्याशी बोहल्यावर उभं राहायचं, आणि कडेवर तिचंच मूल. ती जगो एवढं म्हण म्हणते, कशी जगो याबद्दल गप्प.

इथं मला सगुणाबाई क्षीरसागर आठवतात. जोतीराव फुले 1827 साली जन्मले आणि तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई गेली. त्यांना वाढवलं ते नात्यातल्या या विधवा बाईनं. मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळून तिनं बाहेरचं जग पाहिलं होतं. या पोरानं शिकलंच पाहिजे, हा ध्यास तिचा. पुढं सावित्रीबाईंबरोबर तीही जोतीरावांकडं शिकायला बसली. मला हे फार मोठं वाटतं. जिनं न्हाऊमाखू घातलं, तिनं त्याच मुलासमोर पाटी धरली. सगळे तिला आऊ म्हणत. पण चिमणाबाई जगल्या असत्या, तर सगुणाबाईंना त्या घरात कुठली जागा मिळाली असती? की पोरावर तेवढाच जीव लावून त्या दारातूनच परत गेल्या असत्या?

भावाच्या घरी मला जागा शोधावी लागली नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव मीच सांगितलं. कान एवढासा, गरम, धुरीचा वास येणारा. आणि पाठीवर बायकांचे धपाटे. आत्येचा तो मानच असतो. बहिणीच्या मुलीशी मात्र माझं नातं वेणी घालता घालता झालं. गुंता झाला की ती तेलाची बाटली घेऊन माझ्यापुढं येऊन बसते. मी आधी बोटांनी टोकं सोडवते, मग फणी. केस ओढले गेले की तिचे खांदे वर जातात, मी थांबते, खांदे खाली आले की पुन्हा सुरू. परवा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बघत राहिली, काही बोलली नाही आणि आत गेली.

तिला सुटल्यासारखं वाटलं असेल, किंवा आपलं काही गेल्यासारखं. पोरीवरची माया मला कमी करता येणार नाही, आणि ताईच्या वाटणीचं काही मला नकोय. दिवाळीच्या सुट्टीत पोरीला पंधरा दिवस माझ्याकडं राहायचंय. ताई लगेच हो म्हणेल. त्या होकारावर विसंबून तिला घेऊन यावं की नाही, एवढंही माझं ठरत नाहीये.