रुपये की दिरहम?



त्रैराशिक शिकवताना मी वर्गात नेहमी बजावते, ‘आकडेमोड नंतर, आधी दर काय आहे ते बघा!’ इतक्या वेळा बजावते की आता मुलं माझ्याआधीच ते म्हणून मोकळी होतात. पण एकदा परदेशात, तेही आईच्या देखत, मी स्वतःच ते विसरले. तीच फजिती आज तुम्हाला सांगते. हसा हवं तर, पण लक्षात ठेवा हं!

माझा दादा दुबईला एका गोदामात नोकरी करतो. आमच्या रत्नागिरीकडे अशी पुष्कळ घरं आहेत, ज्यांचं एक माणूस आखातात असतं. २०२३ साली दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई त्याला भेटायला निघालो. आईनं आंबापोळी आणि कोकमं विकून २०,००० रुपये साठवले होते. ती म्हणाली, “इतकी वर्षं तो आपल्याला पाठवतोय. एकदा मी त्याला काहीतरी घेऊन देणार. माझ्या पैशानं!” नोटा वाटेत हरवायला नकोत, म्हणून ते पैसे मी माझ्या खात्यात भरले आणि बँकेचं कार्ड सोबत घेतलं. परदेशात ते वापरलं तर काय आकार पडतो, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

दुबईचं नाणं म्हणजे दिरहम. एका दिरहमचे शंभर फिल्स. दिरहमच्या नाण्यावर अरबी कॉफीची चोच असलेली किटली आहे आणि २५ फिल्सवर हरिण! दादानं आम्हाला खाडीतून होडीनं पलीकडे नेलं, माणशी एक दिरहम घेतला. आई लगेच म्हणाली, “म्हणजे पावणेतेवीस रुपये!” त्या दिवसांत बाजारभावानं एक दिरहम साधारण २२ रुपये ७० पैशांना पडत होता.

गंमत अशी की, एके काळी या हिशोबाची गरजच नव्हती. तिथं आपलाच रुपया चालायचा! १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटाही काढल्या. १९६६ साली भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि तिथल्या राज्यांनी रुपया सोडला. पुढे १९७३ साली दिरहम आला. आज तो अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून डॉलर महागला की आपल्याला दिरहमही महागतो.

दादाच्या मोबाईलची काच तडकलेली होती. आईनं ते पहिल्याच दिवशी हेरलं. दादा कामावर गेल्यावर आम्ही दोघी बाजारात गेलो आणि ८०० दिरहमचा मोबाईल पसंत केला. दुकानदारानं यंत्र पुढे केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. एकीत ८०० दिरहम, दुसरीत १९,२०० रुपये. खाली प्रश्न होता, कशात देणार?

परक्या मुलखात आपला रुपया दिसला आणि मला कोण आनंद झाला! आईलाही नीट कळेल, वीस हजारांच्या आतच आहे, असा विचार केला आणि रुपयांचं बटण दाबून टाकलं.

रात्री दादानं मोबाईल हातात घेतला. किती तरी वेळ काही बोललाच नाही. मग डोळे पुसून त्यानं पावती मागितली, वाचली आणि हसला. “काय मास्तरीणबाई, ८०० दिरहमचे १९,२०० रुपये? म्हणजे दर २४ रुपये लागला की!”

मी मटकन खालीच बसले. बाजारभावानं ८०० दिरहमचे होतात १८,१६० रुपये. यंत्रानं १,०४० रुपये जास्त घेतले होते. रुपयांत पैसे द्यायचं ठरवलं की दर ठरवते ती यंत्र चालवणारी कंपनी, आणि त्या जादा पैशांतला काही वाटा दुकानदारालाही मिळतो. पण फसवलं कुणी म्हणावं? दर पावतीवर छापलेला होता. मला विचारलंही होतं. बटण मीच दाबलं होतं.

दिरहमचं बटण दाबलं असतं तर? माझ्या बँकेचा परकीय चलनावरचा आकार होता शेकडा साडेतीन, म्हणजे ६३५ रुपये ६० पैसे. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, ११४ रुपये ४१ पैसे. एकूण १८,९१० रुपये. म्हणजे तेही काही फुकट नव्हतं, पण २९० रुपये वाचले असते. घरी परतल्यावर बँकेचा कागद पाहिला तर रुपयांतल्या व्यवहाराचाही शेकडा एक आकार आणि त्यावर कर, असे आणखी २२६ रुपये कापलेले! आमच्या शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात मुंबईत २३ रुपये २० पैसे दरानं रोख दिरहम घेतले होते. त्या हिशोबानं आम्हाला करासकट १८,६०५ रुपयेच लागले असते.

आईला सांगावं की नाही? क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण पैसे तिचे होते. सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या दोन दिवसांच्या पोळ्या गेल्या. असू दे. पुढच्या वेळी रोखच आणू.”

मग दादानं गादीखालून एक वही काढली. पानोपानी तारीख, त्या दिवशीचा दर, किती पाठवले, आकार किती. पैसे पाठवण्याच्या दुकानात दर खेपेला ठरावीक आकार पडतो, थोडे पाठवा नाहीतर जास्त. म्हणून तो दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवायचा. दर कमी असला तर चार दुकानं हिंडायचा. अकरा वर्षं! आणि पैसे यायला आठवडा उशीर झाला की घरून फोन करून कुरकूर करणारी मीच होते. त्या वहीपुढे मला माझी गणिताची पदविका फार छोटी वाटली.

तेव्हा मुलांनो, दादाच्या वहीतून मी शिकले ते असं. आकार दोन तऱ्हेचे असतात. एक ठरावीक, दुसरा शेकड्यावर. एटीएममधून दर खेपेला ठरावीक आकार पडत असेल, तर शंभर-शंभर दिरहम दहा वेळा काढण्यापेक्षा हजार एकदाच काढावेत. शेकड्यावरचा आकार मात्र खेपा कमी करून कमी होत नाही. तिथं निघण्यापूर्वीच दोन-तीन बँकांत चौकशी करावी. आधीच परकीय चलन भरून ठेवायचं प्रवासी कार्डही मिळतं, त्याचेही आकार विचारून घ्यावेत. रोख फार उरेल इतकी घेऊ नये, कारण परत विकताना दर कमी मिळतो. आणि यंत्रानं विचारलं, ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ तर सांगावं, ‘इथल्या!’

नाणी तर बहुधा कुणी परत घेतच नाही. माझ्याकडे किटलीचे तीन दिरहम उरले. शाळा उघडल्यावर ते वर्गात फिरवले आणि ही सगळी फजिती फळ्यावर मांडली. एका मुलीनं हात वर केला. “बाई, माझे बाबा कुवेतला असतात. त्यांची पण वही असेल का हो?”

मी म्हटलं, “आज फोन आला की विचार.”

तुमच्याही घरी कुणी लांबून पैसे पाठवत असेल, तर तुम्हीही विचारा बरं का!